फुकटच्या सॉफ्टवेअरचं मराठी माहितीपुस्तक कोण लिहिणार?



आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी दर रविवारी पायथन शिकवतो. पोरं डिप्लोमाची, बीएस्सीची, एक-दोन नुसती बारावी झालेली. पायथनला पैसे पडत नाहीत, जुन्या लॅपटॉपवर चालतं, त्याचं माहितीपुस्तकही फुकट. तरी गाडी अडते, कारण ते माहितीपुस्तक वाचताना पोरांची अर्धी ताकद इंग्रजीतच खर्च होते.

साधं उदाहरण घ्या. प्रोग्राम अडला की स्क्रीनवर एररच्या चार-पाच ओळी येतात. पोरं घाबरून विंडो बंद करतात. त्या ओळींत तर पत्ता दिलेला असतो! शेवटची ओळ आधी वाचायची, तिथं चूक कसली ते लिहिलेलं असतं. वरच्या ओळींत फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर. 'नेमएरर' आला म्हणजे तुम्ही वापरलेलं नाव पायथनला माहीत नाही. पुष्कळदा स्पेलिंग चुकलेलं असतं. एवढं एकदा मराठीत सांगितलं की पोरगं पुढच्या वेळी मला हाकही मारत नाही.

यंत्राला देवनागरीचं वावडं नाही बरं का. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव 'वय' ठेवलं तरी चालतं. कुणी '२०' असं देवनागरीत टाइप केलं तर 'इंट' त्याचाही आकडा करून देतं.

आपल्याकडे चांगलं काम झालंय. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथन, लिनक्स, लिब्रेऑफिस वगैरेंचे साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत, त्यातल्या बऱ्याच व्हिडिओंना मराठी आवाज आहे. स्क्रीनवर इंग्रजीच, कारण नोकरीत तेच दिसणार, समजावणं मराठीत. मला आवडते ती त्यांची पद्धत. आधी संहिता लिहायची, ती नवख्या माणसाला देऊन त्याला जमतंय का बघायचं, मग रेकॉर्डिंग.

पण सॉफ्टवेअर बदलत राहतं. व्हिडिओ पुन्हा करणं जड, लिहिलेलं पान सुधारणं सोपं. म्हणून लिखित मजकूर हवाच. पायथनच्या अधिकृत माहितीच्या भाषांतराची रीतसर पद्धत २०१७ साली ठरली. जपानी, फ्रेंच, कोरियन लोकांनी हे काम स्वयंसेवकांच्या जोरावर केलंय.

२०२१ मध्ये एआयसीटीईनं मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. छान! पण परवानगीतून पुस्तकं उगवत नाहीत. इकडे कितीतरी कॉलेजांत जुनी प्रोजेक्टं नाव बदलून पुन्हा बाइंड होतात. त्यापेक्षा चार पोरांच्या गटानं एक प्रकरण मराठीत लिहावं, पहिल्या वर्षाच्या मुलाला वाचायला देऊन तपासावं आणि त्याला मार्क मिळावेत. लायसन्स आड येत नाही.

"मग इंग्रजी शिकायचंच नाही का?" शिकायचंच. पण प्रोग्रामिंग शिकण्याआधी इंग्रजीची परीक्षा कशाला? आणि शब्दही ओढूनताणून नकोत. व्हेरिएबलला व्हेरिएबलच म्हणू. 'चल' म्हटलं तर पोरगं उठून चालायला लागेल!

तुमच्या ओळखीत कॉम्प्युटर शिकवणारे सर-मॅडम असतील तर त्यांना टॅग करा. यंदा प्रोजेक्टसाठी एक तरी प्रकरण मराठीत द्याल का, एवढंच विचारायचंय.