डोंगरावरचे आरामघर

देवनारला राहणाऱ्या माणसाला डोंगर म्हटले की आधी कचऱ्याचा डोंगर आठवतो. १९२७ पासून मुंबईचा कचरा इथे येऊन पडतो आहे. २०१६ च्या जानेवारीत त्याला आग लागली, तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमचीही त्यात होती. म्हणून पाचगणीहून भाईजानचा फोन आला, "दोन दिवस या, हवा खा, आणि येताना तुमचे ते शाळेतले मराठी घेऊन या," तेव्हा हवेच्या नावानेच आम्ही तयार झालो. मराठीचे काय काम आहे ते तिथे गेल्यावर कळणार होते.

आम्ही दोघे आणि आमच्या आपा, असे तिघे निघालो. चेंबूरला मैत्री पार्कच्या थांब्यावर एसटी धरली. पुणे गेले, सुरूर फाट्याला गाडी वळली, वाईत कृष्णेचे घाट दिसले आणि पसरणी घाट सुरू झाला. आपांनी खिडकीची काच सरकवली आणि वरपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

भाईजान म्हणजे आमचे चुलत भाऊ. नोकरीची सगळी वर्षे आखातात गेली. परत आल्यावर त्यांनी पाचगणीतल्या एका शांत गल्लीत घर घेतले. मुले परदेशी, घरात भाभी आणि ते. आता त्या घरात सहा खोल्यांचे आरामघर काढायचे त्यांच्या मनात आहे. ऑपरेशननंतर थकलेली माणसे, शहराला कंटाळलेले वृद्ध, आठ-पंधरा दिवस येऊन राहतील. साधे जेवण, चालणे, नमाजला जागा, गरज पडली तर डॉक्टर. पाटीही ठरली होती: 'दारुश्शिफा'. माहितीपत्रक छापायला जायच्या बेतात होते.

अडचण एवढीच की गल्लीतल्या पाच घरांनी सह्या करून पत्र दिले होते. त्यात तीन हरकती होत्या. पाणी कुठून आणणार? गाड्या कुठे लावणार? आणि तिसरी, जरा अवघडून लिहिलेली: येणारे आजारी कोणत्या आजाराचे असतील? या पत्राला सणसणीत उत्तर लिहून हवे होते. आमचे मराठी त्यासाठी बोलावले होते.

"अहो, हे गावच आजाऱ्यांसाठी वसले," भाईजान म्हणाले. ते खोटे नव्हते. इंग्रजांच्या काळात जॉन चेसन यांनी पाचगणी वसवली, बाहेरची झाडे आणून लावली. महाबळेश्वर जेमतेम वीस किलोमीटरवर, पण तिथला पाऊस माणसाला घरात कोंडून ठेवतो. पाचगणी त्या मानाने कोरडी. म्हणून छातीच्या रोग्यांना इथे पाठवत. १९१२ मध्ये डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी इथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे सॅनेटोरियम काढले. तुरुंगातून सुटल्यावर गांधीजीही १९४४ च्या जुलैत विश्रांतीसाठी इथेच राहिले आणि जिनांना भेटीचे पत्र त्यांनी इथूनच लिहिले.

संध्याकाळी आम्ही बेल-एअरच्या बाजूला फिरायला गेलो. आज ते रेड क्रॉसचे रुग्णालय आहे. एचआयव्हीच्या ज्या रुग्णांना लोक दारात उभे करत नव्हते, त्यांनाही इथे आसरा मिळाला. आपा फाटकाशी थांबल्या. "इथे झोपलेल्यांना घरचे भेटायला येत असतील का?" त्यांनी विचारले.

त्यांच्या प्रश्नाला कारण होते. चार वर्षांपूर्वी आपांना टीबी झाला. सहा महिने औषध चालले, तेही देवनारच्या आमच्या दोन खोल्यांत. खिडक्या उघड्या ठेवल्या, तोंडाला रुमाल बांधला, अंडी-दूध कमी पडू दिले नाही. औषध नियमित सुरू झाले की काही आठवड्यांत लागण पसरवण्याची भीती बहुतेक संपते, हे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही ते शेजाऱ्यांना सांगितलेही. तरी ईदला शिरखुर्म्याची वाटी आमच्या दारात आली नाही. आमच्या घरून गेलेली वाटी धुऊन परत आली, रिकामी.

त्या काळात आम्ही एक गोष्ट वाचली होती, ती भाईजानला त्या रात्री जेवताना सांगितली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि त्यामागून इतर औषधे आली. त्यापूर्वी डोंगरावरची हवा, खाटेवरची विश्रांती आणि सकस अन्न एवढाच काय तो इलाज होता. मग १९५६ मध्ये मद्रासला एक पाहणी सुरू झाली. गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतले १९३ क्षयरोगी घेतले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच. औषधे सारखी. सॅनेटोरियममधल्यांना अन्न चांगले, विश्रांती भरपूर. वर्षभराने पाहिले तर घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि घरातल्या माणसांना त्यामुळे अधिक लागण झाली असेही दिसले नाही. १९५९ मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि जगभर सॅनेटोरियमची गरज ओसरू लागली.

"म्हणजे डोंगराचा उपयोग नाही?" भाभींनी विचारले.

"आराम होतो की. फक्त शिफा डोंगर देतो असे लिहू नका."

भाईजानने बीमारिस्तानांचा दाखला काढला. बगदादला दवाखान्याची जागा ठरवताना अर-राझी यांनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जिथले मांस सर्वांत उशिरा नासले ती जागा निवडली, असे सांगतात. कत्तलखान्याच्या शेजारी राहणाऱ्या आम्हाला ही कसोटी लगेच पटते. पण दमास्कसचा ११५४ चा नूरी बीमारिस्तान काय, किंवा कैरोचा १२८४ चा मन्सुरी काय, दोन्ही भर शहरात होते आणि वक्फच्या उत्पन्नावर चालत. रोग्याला लोकांपासून दूर न्यायचे हा तिथे विचार नव्हता.

मग माहितीपत्रक पुढे आले. त्यात लिहिले होते: मधुमेह, रक्तदाब आणि जुना क्षय यांवर हमखास गुण. आम्ही पेन काढले. १९५४ च्या कायद्याने अशा आजारांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे, हे झाले एक. दुसरे असे की शिफा अल्लाहच्या हाती. आपण पाटीवर तिची हमी कशी देणार? भाईजान गप्प बसले. नाराज झाले होते हे दिसत होते.

रविवारी सकाळी शेजारी चहाला आले. आधी पाणी आणि गाड्यांचे बोलणे झाले. तिसऱ्या हरकतीवर कुणी बोलेना. शेवटी समोरच्या घरातले निवृत्त काका म्हणाले, "आम्ही शांत राहायला इथे आलो. उद्या कोण येईल, काय घेऊन येईल, आम्हाला काय ठाऊक? माझी नात याच रस्त्यावर खेळते."

"१९१२ मध्ये बिलिमोरियांना कुणी विचारले होते का?" भाईजान चढ्या आवाजात म्हणाले.

"तेव्हा या गल्लीत आमची घरे नव्हती," काका म्हणाले.

आपा आतून बिस्किटांची बशी घेऊन आल्या होत्या. बशी खाली ठेवून त्या तिथेच बसल्या. "मला टीबी झाला होता," त्या म्हणाल्या. "आता बरी आहे. काका, तुम्ही तोंडावर विचारलेत हे बरे केलेत. आमच्या इमारतीत कुणी विचारले नाही. नुसती दारे लागली. विचारले असते तर मी डॉक्टरांचा कागद दाखवला असता."

कुणी काही बोलले नाही. काकांनी बशीतले एक बिस्किट उचलले, चहात बुडवले आणि विचारले, "औषध किती दिवस घ्यावे लागले, ताई?" मग पुष्कळ वेळ बोलणे झाले.

दुपारी आम्ही लिहायला बसलो. सणसणीत उत्तर बाजूला राहिले. कागदावर आले ते असे: खोल्या सहाऐवजी चार. पावसाचे पाणी साठवायला टाकी बांधणार, कारण वेण्णा तलावाच्या पाण्यावर महाबळेश्वर आणि पाचगणी दोघांचाही भार आहे. गाड्या आवारातच. लागण होऊ शकेल अशा आजारात पाहुण्याने डॉक्टरांचा दाखला आणायचा आणि तो असला तर त्याला नाकारायचे नाही. उपचाराचा दावा नाही. उद्या परिचारिका ठेवून उपचार करायचे ठरले तर १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदणी आधी. आणि २००१ पासून हा सारा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील असल्याने गिरिस्थान नगरपरिषदेच्या परवानगीशिवाय एक वीटही रचणार नाही.

शेवटची ओळ भाभींनी सुचवली: दर महिन्याला एक खोली अशा माणसासाठी, ज्याला पैसे देणे शक्य नाही. भाईजानने जरा वेळ हिशेब केला आणि मान हलवली. 'दारुश्शिफा' खोडून त्यांनी स्वतःच्या हाताने 'आरामघर' लिहिले.

पाचांपैकी तीन घरांनी त्या कागदावर सह्या केल्या. काकांची सही पहिली. दोन घरांनी विचार करतो म्हणून सांगितले. नगरपरिषदेचे उत्तर यायचे आहे. ते काहीही येवो, गल्लीत बोलणे सुरू झाले आहे.

परतीच्या वाटेवर मानखुर्द मागे पडले तसा ओळखीचा वास खिडकीतून आला. आपांनी काच लावली नाही. वाचक बंधू-भगिनींनो, पाचगणीला घर घेणे आपल्यापैकी किती जणांना जमणार? पण आजाऱ्याच्या इयादतीला जाणे, शेजाऱ्याला टीबी झाला तर त्याच्या दारात वाटी भरून पाठवणे, हे देवनारच्या दोन खोल्यांतूनही जमते. दर महिन्याला पोषणासाठी सरकारकडून टीबीच्या रुग्णाच्या खात्यात १००० रुपये येतात. वाटी मात्र शेजाऱ्यालाच पाठवावी लागते.