हिरवळीवरील पहिला आठवडा

कोणत्याहि स्पर्धेंत अंतिम सामन्याला महत्त्व असावें हें स्वाभाविकच आहे. परंतु जूनच्या अखेरीस विंबल्डनच्या हिरवळीवर जी लॉन टेनिसची स्पर्धा सुरू होते, तिच्या अंतिम सामन्यापेक्षां पहिल्या आठवड्याचीच ओढ आम्हांस अधिक वाटते. चषक कोणी उचलला हें दुसऱ्या दिवशीं कळतेंच. पण ज्याचें नांवहि आदल्या दिवसापर्यंत कोणास ठाऊक नव्हतें अशा एखाद्या पोरसवदा खेळाडूनें जगज्जेत्याला घरची वाट दाखविली, ही वार्ता ऐकण्याचा आनंद कांहीं निराळाच. आमच्या घरीं मात्र या आनंदाविषयीं एकमत नाहीं. आमच्या वडील भगिनींचें म्हणणें असें कीं, थोरांचा पाडाव पाहून हर्ष मानणें हा मत्सराचाच एक सभ्य प्रकार होय. आक्षेप गंभीर आहे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं असे पाडाव मुळांत होतात कां, हें पाहणें इष्ट ठरेल.

ही स्पर्धा १८७७ सालीं सुरू झाली आणि आजतागायत ती गवतावरच खेळली जाते. एकेरींत पुरुषांच्या व स्त्रियांच्या गटांत प्रत्येकीं १२८ खेळाडू असतात. विजेत्याला लागोपाठ सात सामने जिंकावे लागतात, आणि उरलेल्या १२७ जणांस आज ना उद्यां पराभव पत्करावा लागतोच. गवत ८ मिलिमीटर उंचीचें राखलेलें असतें. पहिल्या दिवशीं तें कोवळें, ओलसर व निसरडें असल्यानें चेंडू फारसा न उसळतां सरपटत पुढें जातो. दुसऱ्या आठवड्यांत मागल्या रेषेजवळचें गवत झिजून खालची माती दिसूं लागते आणि पायाला आधार मिळतो. पण तोंवर टिकाव धरावयाचा कसा, हाच तर प्रश्न! थोर खेळाडू पुष्कळदां पॅरिसच्या लाल मातीवर अखेरपर्यंत झुंजून आलेला असतो. तेथें चेंडू संथ येतो आणि उंच उसळतो. या दोन स्पर्धांमध्यें २०१५ सालापासून तीन आठवड्यांचें अंतर ठेवलें आहे. त्यापूर्वीं तें दोनच आठवड्यांचें होतें. उलट पात्रता-फेऱ्यांतून वर आलेला अनामिक खेळाडू गवतावरच तीन सामने जिंकून आलेला असतो. त्याचे पाय हिरवळीला सरावलेले, थोरल्याचे अद्याप चांचपडणारे. त्यांतून ज्याची सर्व्हिस जबर आहे त्याला गवताची साथ मिळाली, कीं क्रमवारी कागदावरच राहते.

या तिहेरी योगाचीं उदाहरणें थोडीं नाहींत. १९६७ सालीं आदल्या वर्षींचा विजेता मानुएल सांताना हा पहिल्याच फेरींत चार्ली पासारेलकडून पराभूत झाला. २००३ सालीं तोच प्रसंग लेटन ह्यूइटवर आला. समोर पात्रता-फेरींतून आलेला, ताडमाड उंचीचा इव्हो कार्लोविच होता. स्टेफी ग्राफ हिला १९९४ सालीं लोरी मॅकनीलनें पहिल्याच फेरींत हरविलें. गतविजेत्या स्त्रीवर असा प्रसंग तेथें पूर्वीं कधींच आला नव्हता. मॅकनीलचा तो विजय निव्वळ दैवयोग नव्हता, कारण त्याच वर्षीं ती उपांत्य फेरीपर्यंत गेली. पण सर्वांत चमत्कारिक कथा २००२ सालची. सात वेळां विजेता ठरलेल्या पीट सँप्रासला दुसऱ्या फेरींत ज्यानें हरविलें, तो जॉर्ज बास्टल पात्रता-फेरींतच हरला होता! कोणी माघार घेतल्यामुळें रिकाम्या झालेल्या जागेवर त्याला घेतलें होतें. परीक्षेंत नापास झालेल्या विद्यार्थ्यानें वर्गांत मागल्या दारानें यावें आणि पहिल्या विद्यार्थ्याला वादांत जिंकावें, तसाच हा प्रकार. आमच्या भगिनींना हें सांगतांना आम्ही पुढची गोष्टहि अवश्य सांगतों. तोच सँप्रास त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेची स्पर्धा जिंकून मानानें निवृत्त झाला. पहिल्या आठवड्यांतला पराभव हा मृत्युलेख नव्हे.

जे पाडाव होतां होतां राहिले, तेहि ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. बियाँ बोर्ग यानें १९७६ ते १९८० अशीं सलग पांच वर्षें विजेतेपद मिळविलें, हें सर्वश्रुत आहे. परंतु १९७७ सालीं दुसऱ्या फेरींत मार्क एडमंडसननें त्याच्यावर दोन सेटची आघाडी घेतली होती. १९७८ सालीं पहिल्याच फेरींत व्हिक्टर अमाया दोन सेटांस एक असा पुढें होता. आणि १९७९ सालीं दुसऱ्या फेरींत आपल्या विजय अमृतराजनेंहि तशीच आघाडी मिळविली होती. तिन्ही वेळां बोर्ग तरला. दुरून अखंड भासणारी कीर्ति जवळून पाहिली तर किती ठिकाणीं तुटतां तुटतां सांधलेली असते!

येथें एका वेगळ्या प्रकारच्या विजयाचें स्मरण होतें. १९३४ सालीं लीला राव यांनीं विंबल्डनवर एकेरीचा सामना जिंकला. तेथें सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. त्यांच्या मातोश्री पंडिता क्षमा राव म्हणजे ‘सत्याग्रहगीता’ रचणाऱ्या संस्कृत कवयित्री, आणि मातामह म्हणजे वेदविद्येचे प्रख्यात पंडित शंकर पांडुरंग पंडित. त्या घराण्यांत संस्कृत विद्या आणि टेनिसची रॅकेट यांचें वैर नव्हतें. चषकावर लीलाबाईंचें नांव नाहीं. तथापि त्या एका विजयाचें मोल चषकाच्या मापानें मोजूं नये असें आम्हांस वाटतें.

आतां उगवत्या खेळाडूंविषयीं. बोरिस बेकर यानें १९८५ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, मानांकन नसतांना विजेतेपद पटकावलें. १९८७ सालीं, दोन वेळांचा विजेता म्हणून तो उतरला, तेव्हां पीटर डूहान नांवाच्या ऑस्ट्रेलियन खेळाडूनें दुसऱ्या फेरींत त्याचा पराभव केला. वार्ताहरांना त्यानें शांतपणें सांगितलें कीं, कोणी मेलेलें नाहीं, मी केवळ टेनिसचा एक सामना हरलों आहें. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या तोंडचें हें शहाणपण आम्हांस त्याच्या सर्व्हिसपेक्षां अधिक बलवान् वाटतें. २०१९ सालीं कोको गॉफ या पंधरा वर्षांच्या मुलीनें पहिल्या फेरींत पांच वेळांच्या विजेत्या व्हीनस विल्यम्सला नमविलें. तीच गॉफ २०२५ सालीं पॅरिसचें विजेतेपद घेऊन विंबल्डनला आली आणि पहिल्याच फेरींत दयाना यास्त्रेम्स्काकडून हरली. सहा वर्षांत शिकारी तीच सावज झाली.

परंतु या चित्राची एक काळी बाजूहि आहे, आणि घरांत मुलें असणाऱ्या प्रत्येकानें ती पाहावी. १९९९ सालीं येलेना डोकिच या सोळा वर्षांच्या मुलीनें, पात्रता-फेरींतून येऊन, जगांत पहिल्या क्रमांकावर असलेल्या मार्टिना हिंगिसचा ६-२, ६-० असा धुव्वा उडविला. सर्वत्र जयजयकार झाला. पुढें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत तिनें लिहिलें कीं, वडील आपणांस मारहाण करीत असत. २००० सालीं विंबल्डनच्या उपांत्य फेरींत ती हरली, तेव्हां मुक्कामाच्या हॉटेलांत परत येण्यास त्यांनीं तिला मनाई केली. जगांतल्या चार उत्तम खेळाडूंत जिची गणना व्हावी, तिला त्या रात्रीं निजावयास जागा नव्हती!

ही हकीकत आम्हांस विशेष लागली, याला कारण आमची पुतणी. चौदा वर्षांची ही मुलगी गेल्या हिंवाळ्यांत एका लहानशा स्पर्धेंत पहिलें मानांकन घेऊन उतरली आणि पहिल्याच फेरींत एका अपरिचित मुलीकडून हरली. घरीं आल्यावर ती कोणाशीं बोलेना. तिच्या वडिलांच्या मनांत शिकवणीचा व प्रवासाचा खर्च होता, आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचतां येत होता. रात्रीं तिनें आम्हांस हळूच विचारलें, “काका, बाबा माझ्यावर रागावले आहेत, कीं मी हरलें म्हणून त्यांना लाज वाटते?” पराभवाचें दुःख तिला होतेंच, पण त्याहून मोठें भय तिला घरच्या माणसांचें वाटत होतें. आम्हीं तिच्या वडिलांना तो प्रश्न जसाच्या तसा ऐकविला. ते कांहीं वेळ स्तब्ध बसले, मग उठून तिच्याजवळ गेले. दोघांत काय बोलणें झालें तें आम्ही विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती त्याच स्पर्धेंत त्या अपरिचित मुलीचा पुढचा सामना पाहावयास गेली, एवढें मात्र खरें.

आतां भगिनींच्या आक्षेपाकडे वळूं. थोराच्या पाडावाचा आनंद आम्हांस होत नाहीं. आनंद याचा कीं, निदान पहिल्या आठवड्यांत तरी कोणाच्या नांवाला गवत मुजरा करीत नाहीं. पात्रता-फेरींतल्या पोराला आणि सात वेळांच्या विजेत्याला तें सारख्याच न्यायानें पाय घसरावयास लावतें. आपल्या घरांतून मात्र पहिल्या क्रमांकाला दैवत मानण्याची प्रथा आहे, आणि निकालाच्या दिवसांत तिचा जाच कोणास सोसावा लागतो हें वाचक जाणतातच. भगिनींनीं हें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “तुझा न्याय मला पटला, पण हरलेल्याच्या घरीं त्या दिवशीं पानें वेळेवर मांडलीं जातात कीं नाहीं, तेवढें आधीं पाहत जा.” यावर आम्हांस कांहींच बोलावयाचें उरलें नाहीं.