कोणाच्या हाती कोणती रहस्यकथा?

आमच्या घरात पुस्तके निवडून आणण्याचे काम आमच्याकडे कसे आले, हे आता नीटसे आठवत नाही. घर म्हणजे दहिसरला, नदीपासून हाकेच्या अंतरावर, एकाच मजल्यावरची तीन बिऱ्हाडे. दारे दिवसभर उघडी आणि स्वयंपाकघर एक. आमचे तीर्थरूप, त्यांस सारे घर अप्पा म्हणते, १९७१ साली गिरगावची चाळ सोडून येथे आले. दहिसर मुंबई महापालिकेच्या हद्दीत १९५७ साली आलेले असूनही गिरगावातले आप्त त्यांस पुढे कित्येक वर्षे ‘काय, गावी कसे काय?’ असे विचारीत. आता कांदरपाड्यास मेट्रो थांबते, आणि गिरगावातले तेच आप्त विरारच्या अलीकडे जागा शोधीत आहेत. असो.

घरात वाचणारी माणसे सात, आणि सातांचे एकमत फक्त एका गोष्टीवर : रात्री निजण्यापूर्वी एखादी रहस्यकथा हवी. मात्र ती भीषण नको. खून झाला तरी रक्त दिसू नये. माणसे थोडी व एकमेकांच्या ओळखीची असावीत. शोध घेणारा बहुधा सरकारी अंमलदार नसून एखादी चौकस म्हातारी किंवा पाद्री असावा. आणि शेवटच्या प्रकरणात सर्वांस दिवाणखान्यात बसवून कोडे उलगडले जावे. इंग्रजीत ह्या प्रकारास ‘कोझी’ म्हणतात. किटलीतला चहा गरम राहावा म्हणून तिच्यावर जे टोपडे घालतात, त्याचेही नाव तेच. आम्हांस ते नाव फार समर्पक वाटते, कारण एकच टोपडे प्रत्येक किटलीस बसत नाही, हा अनुभव आम्ही ह्या कामात पदोपदी घेतला आहे.

पहिली फजिती अप्पांनीच केली. अॅगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० साली कादंबरीत अवतरली, तेव्हापासून जगभरच्या सुशिक्षित वृद्धांस ती प्रिय झालेली आहे. तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या अप्पांस तीच रुचेल, असा आमचा तर्क. तीस पाने वाचून त्यांनी पुस्तक परत केले. म्हणाले, “ही बाई नुसती विणीत बसली आहे. उडी कधी मारणार?” चूक आमची होती. अप्पा गिरगावात शाळकरी असता बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके भाड्याने आणून जिन्याखाली बसून वाचीत. आजोबांची निष्ठा गो. ना. दातारांवर. ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ ही त्यांची आराध्य पुस्तके. दातारांच्या पुष्कळशा कादंबऱ्या रेनॉल्ड्स ह्या इंग्रज लेखकाच्या आधाराने लिहिलेल्या आहेत, हे आजोबांस कोणी सांगितलेच तर ते जेवणावरून उठत. त्यामुळे दातार म्हणजे वाङ्मय आणि अर्नाळकर म्हणजे उनाडपणा, अशी त्या काळी घरात वाटणी झालेली होती. चंद्रकांत सखाराम चव्हाण ह्या गृहस्थांनी अर्नाळकर ह्या नावाने हजारांहून अधिक पुस्तके लिहिली. त्या उनाडपणाचा साठा म्हणूनच अप्पांच्या जन्मास पुरून उरला. आता जुन्या प्रतींचे बारीक टाइप अप्पांस दिसत नाहीत. सायंकाळी दिवेलागणीनंतर आमची दहा वर्षांची नात त्यांस झुंजार वाचून दाखविते. पिस्तुले झडतात, मोटारी दरीत कोसळतात, आणि अप्पा डोळे मिटून शांत पडून राहतात. ह्यास ‘कोझी’ म्हणावे काय? आमच्या मते निःसंशय म्हणावे. झुंजार मरणार नाही हे त्यांस १९४८ पासून ठाऊक आहे.

धाकट्या बंधूंचे निराळेच. त्यांस माणसांत रस नाही, वेळापत्रकात आहे. पस्तीस वर्षे दहिसर ते चर्चगेट असा प्रवास केलेल्या माणसास आम्ही फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स काढून दिला. हा लेखक आयर्लंडात रेल्वेचा एंजिनिअर होता. त्याच्या कथांत खुनी मनुष्य गाड्यांच्या वेळा जुळवून आपण भलतीकडेच होतो असा पुरावा उभा करतो, आणि इन्स्पेक्टर फ्रेंच तो पुरावा मिनिटामिनिटाने खोडून काढतो. गोष्टीत जीव थोडा, आकडे फार. बंधू मात्र तृप्त. त्यांची एकच खोड आम्हांस जाचते : ते वाचनालयाच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने बेरजा मांडतात, आणि दंड आम्ही भरतो.

सूनबाई वकील आहेत. त्यांनी आम्हांस अटी घालून दिल्या : मुलास इजा होता कामा नये, कुत्रे मरता कामा नये, आणि गोष्टीतली बाई मूर्ख असता कामा नये. तिसरी अट पाळताना आमच्या कपाटातला निम्मा जुना माल बाद झाला. सुजाता मॅसी ह्यांची परवीन मिस्त्री त्यांस एकदम पसंत पडली. ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ ही तिची पहिली कादंबरी २०१८ साली निघाली. १९२१ सालची मुंबई, वडिलांच्या कचेरीत सॉलिसिटरचे काम करणारी पारशी तरुणी, आणि एका मुसलमान गिरणीमालकाच्या पडद्यातल्या तीन विधवा. त्यांच्या मालमत्तेचे कागद पाहावयास पुरुष वकिलास आत जाता येत नाही. परवीनला जाता येते. ते वाचून सूनबाई दोन दिवस वारसाहक्कावर बोलत होत्या, आणि आमच्या मंडळींनी घरातली कोणती कागदपत्रे कोणाच्या नावावर आहेत ह्याची चौकशी आरंभिली. रहस्यकथेचे असेही परिणाम होतात.

नातीस भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि सत्यजित राय ह्यांचा फेलूदा पुरेसे आहेत. फेलूदा अशोक जैन ह्यांच्या अनुवादामुळे मराठीत सुखाने वाचता येतो. राय ह्यांनी तो १९६५ पासून ‘संदेश’ ह्या मुलांच्या मासिकासाठी लिहिला, म्हणून त्यात भलतेसलते काही येत नाही. नातीची तक्रार एवढीच, की ह्या गोष्टींत मुली फारशा नाहीत. तक्रार रास्त आहे.

आमची स्वतःची आवड विचाराल, तर शरदिंदु बंद्योपाध्याय ह्यांचा ब्योमकेश. त्यात शेजारधर्माचाही भाग आहे. बॉम्बे टॉकीजमध्ये कथा लिहावयास शरदिंदुबाबू १९३८ साली मुंबईस आले, आणि ती संस्था होती मालाडला, दहिसरहून तिसऱ्या स्टेशनावर. मालाड-मुंबईच्या त्या वर्षांत ब्योमकेशाने एकही प्रकरण हाती घेतले नाही. पन्नासच्या पुढे, १९५२ त शरदिंदुबाबू पुण्यास गेले त्याच्या आगेमागे, तो पुन्हा जागा झाला. उपनगरातल्या गाडीच्या गर्दीत डोके चालत नाही, ह्याचा इतका भक्कम पुरावा दुसरा नसेल.

इतका वेळ काकूंविषयी लिहावयाचे आम्ही पुढे ढकलीत होतो, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

आमच्या काकू शाळेत इंग्रजी शिकवीत. वय एकोणऐंशी, दृष्टी उत्तम. घरात सर्वांत जास्त वाचन त्यांचे, आणि सर्वांत सोपे गिऱ्हाईकही त्याच, असे आम्ही समजत होतो. त्यांस आम्ही ख्रिस्तीबाईंची एक जुनी कादंबरी मोठ्या शिफारशीने दिली. तिचे नाव येथे देत नाही. दिले तर काही वाचकांचा रसभंग होईल. पहिल्या महायुद्धात बाईंनी इस्पितळाच्या औषधालयात काम केले होते, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांतली विषे आणि मात्रा कशा बिनचूक असतात, हेही आम्ही काकूंस वर ऐकविले. त्या कथेत घरातले एक वृद्ध माणूस रात्री आपल्या खोलीत मरण पावते. सकाळपासून घरातल्या प्रत्येकास तेच तेच प्रश्न : पेला कोणी भरला, औषध कोणी दिले, किती वाजता दिले, बाटलीत उरले किती.

चार दिवस पुस्तक त्यांच्या उशाशी तसेच पडून होते. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हांस हाक मारली व म्हणाल्या, “शेवट सांग.”

शेवट सांगणे आमच्या घरात मोठा अपराध समजतात. आम्ही हसून टाळू लागलो.

“मला शेवट हवा आहे,” त्या म्हणाल्या. “ज्या बाईने औषध दिले, तिचा दोष निघाला का?”

आम्ही सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला, आणि मग काका गेले त्या रात्रीची हकीकत आम्हांस प्रथमच सांगितली. २०११ सालचा आषाढ. पाऊस धरलेला, दिवे गेलेले. काकांस रात्री हृदयाची एक गोळी असे. ती दिली की द्यावयाची राहिली, असा काकूंस संभ्रम पडला, आणि मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी एक दिली. ती पहिली होती की दुसरी, हे त्यांस त्या वेळीही कळले नाही व पुढेही कधी कळले नाही. पहाटे काका उठले नाहीत. डॉक्टरांनी हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहून दिले. सकाळच्या धांदलीत कोणीतरी खोली आवरली, त्यात गोळ्यांचे पाकीट केरात गेले. “नाहीतर मोजता आल्या असत्या,” काकू म्हणाल्या.

एकाच स्वयंपाकघरात जेवणारी आम्ही माणसे. इतकी वर्षे त्या ह्या हिशेबाशी एकट्या बसून होत्या, आणि आम्ही त्यांस बिनचूक मात्रांचे पुस्तक नेऊन दिले! घाईघाईने आम्ही म्हणालो, “काकू, एका गोळीने काही होत नसते.”

“तू डॉक्टर आहेस का?” त्यांनी विचारले.

आम्ही नव्हतो. म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी माहितीच्या एका डॉक्टरांस घरी बोलाविले. गोळीचे नाव व वजन काकूंस तोंडपाठ होते. डॉक्टरांनी दोन-चार गोष्टी विचारल्या आणि सांगितले, की एक गोळी अधिक गेल्याने असे झाले असेल असे आपणांस वाटत नाही. परंतु त्या वेळी प्रकृती न पाहिल्यामुळे आपण हे शपथेवर सांगणार नाही. हर्क्यूल पॉयरोने शपथेवर सांगितले असते. तो गेल्यावर घरातल्या माणसांस झोप लागते, ती त्याचमुळे. डॉक्टर गेल्यावर काकू एवढेच म्हणाल्या, “सरळ बोलले. बरे वाटले.”

त्यानंतर कोणतेही पुस्तक स्वतः अथपासून इतिपर्यंत वाचल्यावाचून घरात कोणास द्यावयाचे नाही, असा नियम आम्ही केला. पूर्वी आम्ही प्रत्येकास काय आवडते हे विचारीत असू. आता काय सोसत नाही हे ताडण्याचा प्रयत्न करू लागलो, कारण ते कोणी आपण होऊन सांगत नाही. ह्या नियमाने अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ ह्यांची बोत्स्वानातली कथा काकूंपुरती बाद केली. तशी ती घरंदाज. १९९८ साली सुरू झालेल्या त्या मालेत रामोत्स्वेबाई झुडपाच्या पानांचा चहा पितात, आणि पुष्कळदा कोणाचा खूनही होत नाही. परंतु आरंभीच बाईंच्या वडिलांच्या मरणाची हकीकत आहे. ते पुस्तक आम्ही सूनबाईंकडे वळविले, आणि काकूंस एच. आर. एफ. कीटिंग ह्यांचा इन्स्पेक्टर घोटे दिला.

हा घोटे मुंबई पोलिसांतला. पापभीरू, साहेबास भिणारा, संसारात गांजलेला. पहिले पुस्तक ‘द परफेक्ट मर्डर’ १९६४ चे. त्यातला परफेक्ट म्हणजे एका पारशी चिटणीसाचे आडनाव, आणि मौज ही की तो मेलेलाच नसतो. म्हणूनच आम्ही ते निवडले. लेखकाने मुंबई प्रथम पाहिली ती त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. नायकाचे नाव तो आधी घोष ठेवणार होता, ते बंगाली आहे असे समजल्यावर घोटे केले म्हणतात. पात्रांच्या तोंडी घातलेले हिंदी वळणाचे इंग्रजी काकूंस मुळीच सोसले नाही. त्यांनी पेन्सिल घेऊन दुरुस्त्या केल्या, दोन ठिकाणी लाल शाईनेही. आमच्या बंधूंस समासात लिहिणारा जोडीदार मिळाला. पुस्तक सुदैवाने आमच्या मालकीचे होते.

मात्र आमच्या निवडीचा गर्व फार दिवस टिकावयाचा नव्हता. एके सकाळी काकू गॅलरीत बसून बोत्स्वानाचे पुस्तक मिटताना दिसल्या. सूनबाईंच्या फळीवरून त्यांनी ते आपणच उचलून आणले होते. आमचा चेहरा पाहून म्हणाल्या, “त्या म्हाताऱ्या बापाचे प्रकरण सर्वांत चांगले आहे. तू हे मला का दिले नाहीस?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. जास्त विचारू नये एवढी माया त्यांस आहे, म्हणून त्यांनीही पुढे विचारले नाही.

गेल्या पंधरवड्यात त्यांनी ख्रिस्तीबाईंची ती पहिली कादंबरी परत मागितली. आम्ही ती कपाटाच्या वरच्या खणात, मागच्या रांगेत ठेवून दिली होती. त्यांनी घातलेली खूण आत तशीच होती. काकूंनी ती काढून बाजूस ठेवली, चष्मा पुसला, आणि पहिल्या पानापासून वाचावयास आरंभ केला.