कामाला छप्पर

परसात शेड घालायचं ठरलं तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोजपट्टीच्या आधी फळी मागितली. दहा फुटांची बाभळीची फळी त्यांनी मोकळ्या जागेत आडवी टाकली, तिच्या टोकापासून पुढे आणखी दहा फूट मोजले आणि फक्कीची रेघ ओढली. “एवढी लांबी. फळी ह्या अंगाला मशीनीत शिरती, त्या अंगाला भाईर निघती. निघायला तिला वाट पायजे.” रुंदी माणसांवरून ठरली. भिंतीला लागून दोन फुटांचं टेबल, मधोमध मशीन, आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाकूड खांद्यावर घेऊन वळता येईल इतकी जागा. ती बारा फूट भरली. उंचीसाठी तीच फळी उभी केली. ती फिरवताना कुठं अडू नये म्हणून दक्षिणेला दहा फूट आणि उत्तरेला बारा फूट धरले. वडील आणि मी, दोघं मिळून बांधायला निघालेल्या त्या शेडचा सगळा नकाशा असा कामातून निघाला. जागा किती आहे यापेक्षा त्या जागेत काय घडणार आहे, हे त्यांना आधी ठाऊक होतं.

आमचं गाव माजलगाव तालुक्यात, सिंदफणा आणि गोदावरी यांच्या मधल्या काळ्या पट्ट्यात. घर सुताराचं. पण आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या कामाला कधी छप्पर नव्हतं. परसातला कडुनिंब हेच त्यांचं सुतारमेट. सावली सरकेल तसा त्यांचा बाभळीचा ठोकळा सरकायचा. वखर, तिफण, जू, दाराची चौकट, लेकरांचा पाळणा, सगळं त्याच सावलीत घडलं. मोबदला खळ्यावर मिळायचा, बलुत्याचा. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’त ही सगळी व्यवस्था बारकाईनं लिहून ठेवली आहे. काम जन्मावर बांधून टाकणारी ती व्यवस्था मोडली याचं मला दुःख नाही. सुताराच्या पोरानं सुतारच व्हावं आणि सुताराच्या पोरीनं वाकसाला हात लावू नये, हे तिचे दोन्ही नियम जायलाच हवे होते. मात्र व्यवस्थेबरोबर हातातली कळाही निघून चालली, त्याचं मला फार वाटतं.

ती कळा काय होती ते धाव बसवताना दिसायचं. लाकडी चाकाच्या घेरावर जी लोखंडी पट्टी असते ती धाव. तिचा आतला घेर चाकापेक्षा जाणूनबुजून किंचित कमी ठेवतात. थंड धाव चाकावर चढतच नाही. मग ती जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावर गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायच्या. लोखंड तापलं की ते पसरतं. लाल झालेली धाव दोघातिघांनी सांडशीनं उचलून चाकावर धरायची, घणानं चहूकडून सारखी बसवायची आणि लाकूड पेट घेण्याच्या आत घागरी ओतायच्या. वाफेचा लोट उठतो आणि त्या लोटातून चाक करकरतं. आक्रसणारी धाव पाटांना आत दाबते, पाट आऱ्यांना दाबतात, आरे तुंब्यात शिरतात, आणि सुटे सुटे तुकडे एकजीव होतात. खिळा लागत नाही, डिंक लागत नाही. लोहाराचं लोखंड आणि सुताराचं लाकूड एकमेकांना धरून ठेवतं. किती कमी ठेवायचं हा हिशेब आबांच्या बोटांत होता. वर्ष ओलं आहे की कोरडं, बाभूळ विहिरीत किती महिने बुडवून ठेवली होती, किती महिने सावलीत वाळली, हे सगळं त्यात धरलेलं असायचं.

मग टायरगाडी आली, ट्रॅक्टर आला. 1972 च्या दुष्काळात आण्णा पंधरा वर्षांचे होते. त्यांच्या हातात किकऱ्याऐवजी खडी फोडायचा हातोडा आला. पुढं शहरातल्या फर्निचरच्या दुकानांत त्यांनी उमेदीची वर्षं काढली. हात तोच होता, पण जागा दुसऱ्याची होती. आमच्या जिल्ह्यातली निम्मी गोष्ट ही अशीच आहे. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेली माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या साखर कारखान्यांकडं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजणी होते. ज्या मुलुखात कामासाठी उंबरा सोडावा लागतो, तिथं कामाला आपल्याच परसात छप्पर घालणं मला साधी गोष्ट वाटत नाही.

पहिली गाठ पडली ती मातीशी. गोदाकाठची काळी कापसाला माय असते, पण बांधकामाला तिचा भरवसा नाही. पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि मे महिन्यात तिच्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो. तिच्यावर टेकलेली भिंत दर वर्षी जराशी उचलली जाते, जराशी खचते आणि शेवटी तडकते. मिस्त्री जुने होते. पहिला खड्डा घेतानाच म्हणाले, “ताई, काळी जागी आसती. तिच्यावर पाय ठिवू नका. मुरूम लागंस्तोर खांदा.” मुरूम लागेपर्यंत खांदलं. त्याच्यावर काँक्रीटचे ठोकळे बसवले, ठोकळ्यांवर लोखंडी खांब उभे केले. खड्ड्यांतून निघालेली काळी पुन्हा आत लोटली नाही. ती शेवग्याच्या आळ्यांना गेली आणि खांबांभोवती मुरूम भरून धुमसला. जोत्याखालची काळीही काढली, दबर आणि मुरूम भरला, पाणी मारून चोपून घेतला. कामाचे बरेच दिवस जमिनीखालीच गेले. वर काहीच दिसत नव्हतं, तरी रोज संध्याकाळी मी तिथं जाऊन उभी राहत होते. घराचं खरं शहाणपण पायात पुरलेलं असतं आणि ते पाहायला मिळण्याचे दिवस थोडे असतात.

छपराचा विचार करताना मात्र जुनी भीती वर आली. आमचं जुनं घर माळवदाचं. तुळयांवर किलचण, तिच्यावर निंबाचा पाला, त्याच्यावर माती आणि सगळ्यात वर गढीची पांढरी माती. पांढरी चिवट असते, तिच्यावरून पाणी निथळून जातं. म्हणून मृगाच्या आधी तिचा नवा थर द्यायचा. उन्हाळ्यात माळवदाखाली गारवा असायचा. पण दर वर्षीच्या थरानं ओझं वाढत जायचं, आणि ते पेलायला खाली दगड-मातीच्या जाड भिंती. 1993 साली मी चौथीत होते. 29 सप्टेंबरला गणपती बोळवले आणि 30 तारखेच्या पहाटे चारच्या सुमाराला फळीवरची भांडी वाजली. आण्णांनी आम्हाला ओढत अंगणात आणलं. आमच्या गावात भांडीच वाजली. किल्लारीच्या बाजूला, लातूर आणि उस्मानाबादच्या गावांत, त्या भूकंपात हीच माळवदं आणि ह्याच भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या आणि हजारो जीव गेले. ज्या मातीनं पिढ्यान् पिढ्या ऊन अडवलं तीच अंगावर आली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली निर्धास्त झोपणं संपलं. लोकांनी वरची माती उतरवली, पत्रे चढवले.

माळवदाला ओझ्याचं भय, पत्र्याला वाऱ्याचं. वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो तो पत्रा उपटून शेजारच्या रानात नेऊन टाकतो. म्हणून गावोगाव पत्र्यांवर धोंडे ठेवलेले दिसतात, आणि तो धोंडा वाऱ्यात खाली आला तर आणखी घात करतो. आम्ही पत्र्याला धोंड्याच्या भरवशावर सोडलं नाही. कैच्या खांबांना वेल्डिंगनं जोडल्या, खांब ठोकळ्यांतल्या बोल्टांना आवळले, आणि पत्रा जे-बोल्ट मारून कैच्यांवरच्या आडव्या पाइपांना धरला. बोल्टाचं भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगटात पाडायचं नाही, कारण पाणी खोलगटातून वाहतं. प्रत्येक बोल्टाखाली डांबरी वॉशर. वेल्डर विशीतला पोरगा होता. आण्णा खाली खुर्ची टाकून बसले आणि एकेक भोक त्यांनी नजरेनं तपासलं. तो पोरगाही दर भोकाआधी खाली पाहून, “आण्णा, हितं?” असं विचारायचा. दोघांच्या वयांत पन्नासेक वर्षांचं अंतर होतं, पण त्या एका प्रश्नापुरते ते एकाच उंचीवर असायचे.

उजेडासाठी शेड पूर्व-पश्चिम लांब घेतलं, म्हणजे लांब बाजू उत्तरेला आली. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो. त्यात तिरीप नसते आणि सावल्या हलत नाहीत, त्यामुळं रंधा मारताना लाकडावरची उंचसखल जागा डोळ्यांना बरोबर दिसते. तिकडं टेबलाच्या वर खिडक्यांची ओळ केली. पश्चिमेची भिंत बिनखिडकीची, कारण आमच्याकडं पाऊस तिकडून झोडपतो आणि एप्रिल-मेचं दुपारचं ऊनही तिकडूनच घुसतं. तिला बाहेरून तुराट्यांचा कूड उभा केला आणि शेणमातीनं लिंपला. भिंत आणि कूड यांच्यात वीतभर पोकळी ठेवली, वारा खेळायला. पत्र्याखालची तापलेली हवा निघून जावी म्हणून उत्तरेच्या वळचणीखाली जाळीची पट्टी सोडली. माळवदाला साणं असायचं, छपरातलं उजेडाचं भोक, आणि दुपारी त्यातून उन्हाचा एक कवडसा जात्यावर पडायचा. त्याच्या आठवणीनं मी एक पारदर्शक पत्रा मागितला. आण्णा म्हणाले, “टाक, पर टेबलावर नगं. हत्यारांच्या भिंतीवर टाक. हत्यार दिसलं की हात जातो.”

छपराचा उतार दक्षिणेला, आणि त्या बाजूला पन्हाळ आणि हौद. बाहेर काढलेली वळचण धरून छप्पर 22 बाय 14 फुटांचं झालं, साधारण 28 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. आमच्याकडं 600 मिलिमीटर पडला तरी एवढ्याशा पत्र्यावर 17 हजार लिटरच्या आसपास पाणी उतरतं. थोडं उडून जातं, पहिल्या सरीचं धुळीचं पाणी सोडून द्यावं लागतं, तरी उरतं ते पुष्कळ असतं. टँकरची वाट पाहत दिवस काढलेल्या जिल्ह्यात कुठलंही छप्पर पन्हाळीवाचून ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. सुतारकामालाही पाणी लागतं. ओली बाभूळ काही महिने पाण्यात बुडवून ठेवली की तिच्यातला गोडवा निघून जातो आणि कीड लागत नाही. हौदाच्या एका कप्प्यात आता ओंडके बुडवलेले असतात.

जमिनीवरून मात्र आम्हा दोघांत वाद झाला. मला सगळीकडं कोबा हवा होता, झाडायला सोपा. आण्णांनी ईशान्येचा कोपरा मातीचा ठेवायला लावला. आपला सुतार बसून काम करतो, लाकूड पायाच्या अंगठ्यानं धरतो, आणि वाकसाचा घाव ठोकळ्यावरून निसटला तर पातं मातीत रुतायला हवं; कोब्यावर आपटलं तर धार मरते. आता त्या कोपऱ्यात आबांचा बाभळीचा ठोकळा अर्धा पुरून बसवला आहे. घाव पडून पडून त्याचं तोंड खोलगट झालंय. भिंतीवर वाकस, किकरी, पटाश्या, गिरमिट, लाकडी रंधे, गुण्या, खतावणी आणि ओळंबा ओळीनं लावले आहेत. खतावणीचा दांडा जिथं आबांचा अंगठा टेकायचा तिथं घासून गुळगुळीत झाला आहे. माझा अंगठाही बरोबर त्याच जागी बसतो. खंडेनवमीला सगळी हत्यारं उतरवून तेलपाणी केलं आणि शेजारी मशीनलाही हळदकुंकू लावलं.

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसायांमधल्या कारागिरांना प्रशिक्षण मिळतं आणि अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतची मदत मिळते. सुतार आणि लोहार त्या यादीत आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण हत्याराला घर लागतं. ते पेटीत राहिलं तर गंजतं, आणि ज्या घरात एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि झोप होते तिथं ते पेटीतच राहतं. गावातल्या वापरात नसलेल्या एखाद्या खोलीत उत्तरेची खिडकी, एक टेबल, एक ठोकळा आणि भिंतीवर हत्यारांची ओळ एवढं केलं, तरी कितीतरी हात जागे राहतील.

आमच्या शेडात आधी कामं येऊ लागली, मग माणसं बसू लागली. खुरप्याच्या मुठी, कुऱ्हाडीचा दांडा, बाजेचा मोडलेला ठावा, अंगणवाडीच्या खुर्च्या. मी शिकवते त्या शाळेतली पोरं रविवारी येतात. त्यांत मुली जास्त आहेत. रेघेवर करवत सरळ चालवणं त्यांना लवकर जमतं, कारण त्या घाई करत नाहीत. ऊसतोडीची बिऱ्हाडं चैतात गावी परतली की कोयत्यांच्या मुठी घेऊन येतात आणि आण्णा त्या बाभळीच्या घालून देतात. मागच्या वेळी एका बाईनं मूठ घेतली नाही. “आण्णा, मला घालायला शिकवा,” म्हणाली, “तिकडं फडात मोडली तर कुनाकडं जाऊ?” ती मातीच्या कोपऱ्यात बसली आणि आण्णांनी तिच्या हातात कानस दिली. बायकांच्या तळव्याला बसेल अशी बारीक मूठ तिनंच घासून काढली. आता तिच्या टोळीतल्या बाकीच्या बायकाही तसल्याच मुठी मागतात. दसऱ्याच्या आधी त्या सगळ्या शिकून निघाव्यात एवढी बाभूळ आम्ही वाळत घातली आहे.