सातारा ते मिरज : एका नळीपायी

खंडेनवमीला आमच्या घरी पुस्तकांच्या शेजारी एक रायफल पाटावर बसते. मराठी शिकवणाऱ्याच्या घरात रायफल कशाला, असे वाचक विचारतील. ती आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि त्यांच्याआधी आजोबांची. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीची, १८९२ च्या नमुन्याची. चापाभोवतीची लोखंडी कडी पुढे लोटून मागे ओढली, की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि नवे आत बसते. जॉन ब्राउनिंग या कारागिराने ही रचना केली. १९४१ साली कंपनीने हा नमुना बंद केला. आबांच्या नावावर रीतसर परवाना आहे; पण वीस वर्षांत तिने तोंड उघडलेले नाही. वर्षातून एकदा आबा नळी उजेडाकडे धरून आत पाहतात, "लख्ख!" म्हणतात, आणि मगच नैवेद्याचे ताट पुढे येते.

गेल्या खंडेनवमीला मात्र आबा बराच वेळ पाहत राहिले. मग नळी खाली ठेवून म्हणाले, "आत अंधार दिसतोय रे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला वाटतं."

मी गप्प राहिलो. डोळ्यांचा काही दोष नव्हता. त्या पावसाळ्यात आबा पाय मोडून अंथरुणावर होते आणि रायफलीला तेल देण्याचे काम माझ्याकडे होते. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापायी मी ते आज-उद्या करीत राहिलो. साताऱ्याचा पाऊस, त्यात चामड्याचे म्यान. चामडे ओल धरते, आणि ते कमावताना वापरलेले क्षार लोखंडाला खातात. दसऱ्याच्या तोंडावर म्यान उघडले, तेव्हा नळीत तांबडी बुरशी चढावी तसा गंज चढला होता. मी तो चिंध्यांनी पुसला. गंज निघाला, खड्डे राहिले.

नवी नळी मिळाली तर आबांना काही सांगावेच लागणार नाही, या हिशेबाने मी एका शनिवारी निघालो. सांगलीला कॉलेजचे काम आहे, असे घरी सांगितले. रायफल बरोबर नेली नाही. नळीवरचा मजकूर, नंबर आणि मापे तेवढी वहीत उतरून घेतली.

माहुलीजवळच्या सातारा स्टेशनवर गाडी धरली. हा सारा मुलूख पूर्वी एकच जिल्हा होता. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. कऱ्हाड मागे पडल्यावर शेणोली आले. ७ जून १९४३ रोजी याच शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इंग्रज सरकारच्या पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवून लुटली. पुढे किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाच्या माळावर कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती दिला. या भागाला लोखंड काही परके नाही. मग एक नळी मिळायला काय हरकत आहे, असे मनाशी म्हणत मी सांगलीला उतरलो.

हळदीच्या वासाच्या एका रस्त्यावर बंदुका दुरुस्त करणारे एक वृद्ध परवानाधारक कारागीर भेटले. त्यांनी वही वाचली आणि चष्मा कपाळावर नेला.

"प्राध्यापक, नळी म्हणजे सायकलचं चाक नव्हे. काढलं, घातलं, असं होत नाही. ती आट्यांनी अंगात बसलेली असते. आतल्या खाचा गोळीला छत्तीस इंचांत एक पूर्ण फेरी देतात. नळी बसवताना काडतुसाच्या बुडाशी केसाएवढं अंतर चुकलं, तर बार पुढे जायच्या ऐवजी तोंडावर यायचा."

"जुन्या तशाच एखाद्या रायफलीची नळी मिळाली तर?"

"१९५९ चा शस्त्र कायदा सुट्या भागांनाही शस्त्रच म्हणतो. ती नळी पिशवीत घालून साताऱ्याला न्याल, तर परवान्यावाचून शस्त्र नेल्यासारखं होईल. जुनी नळी कोरून आत पोलादाचं अस्तर बसवतात, पण ते काम मी घेणार नाही. आणि समजा बसवलं, तर काडतुसं कुठली आणणार?" मग त्यांनी सहज विचारले, "गंज कोणी चढू दिला?"

मी रस्त्यावरच्या हळदीच्या पोत्यांकडे पाहू लागलो.

माझी अडचण ओळखून ते हसले. "पूर्वी गंज उतरवायला लोक मिरजेच्या शिकलगारांकडे जात. आता ते तंबोरे करतात. जाऊन बघा तरी!"

परतीच्या गाडीला वेळ होता. मिरज हाकेच्या अंतरावर. गेलो.

शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारींचे दिवस सरले, आणि मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्ये करायला घेतली. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, आणि गावाचे नाव गाण्याशी कायमचे जोडले गेले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. बंदुकीला घोडा असतो आणि तंबोऱ्याला घोडी, एवढेच काय ते नाते उरले, अशी कोटी मला तिथल्या गल्लीत शिरताना सुचली. वर छताला वाळलेले भोपळे टांगलेले होते. खाली एक कारागीर तडकलेल्या भोपळ्याचा जुना तंबोरा मांडीवर घेऊन बसला होता.

"भोपळा बदलता येतो?" मी विचारले.

"येतो की, सर. पण त्या दांडीला शोभेल असा घेर मिळेपर्यंत थांबावं लागतं. आणि घोडी पुन्हा घासून जवारी काढावी लागते." मग तंबोरा उलटा करीत तो म्हणाला, "खरी पंचाईत वेगळीच असते. फुटला कसा, ते गिऱ्हाईक सांगत नाही. कुणी उंदरावर ढकलतं, कुणी मोलकरणीवर. पडून फुटला असेल तर दांडीचा सांधाही तपासावा लागतो. वाळून तडकला असेल, तर नुसतं भोपळ्याचं काम. खरं सांगितलं, तर अर्धी दुरुस्ती तिथंच होते."

त्याला माझ्याविषयी काहीच माहीत नव्हते. तरी मी चहा अर्धा टाकून उठलो.

साताऱ्याला पोचायला रात्र झाली. आबा जागे होते. मी चपला काढल्या आणि दारातच सगळे सांगितले : उत्तरपत्रिका, म्यान, गंज, चिंध्या, सांगलीचे खोटे काम. नळी मिळत नाही, हेही सांगितले.

आबा म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"कसं?"

"गंजाला वास असतो रे. नळी तोंडाशी धरली की कळतो."

"मग मोतीबिंदूचं का बोललात?"

"तू काही बोलतोस का, ते पाहत होतो." थोडा वेळ ते थांबले. "फार दिवस लावलेस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अंगणात बसवले. जुनी काठी, तेलाची बाटली आणि मऊ फडकी पुढे ठेवली. खड्डे जाणार नव्हतेच. पण संध्याकाळपर्यंत नळीतून पलीकडचा अजिंक्यतारा एवढासा, गोल दिसू लागला. आबांनी डोळा लावला. "लख्ख" म्हणाले नाहीत. "दिसतंय," म्हणाले, आणि रायफल माझ्या हातात दिली. चामड्याचे म्यान मात्र त्यांनी चुलीत घातले.