पायाचं सूप

मनगटाचं प्लास्टर निघालं आणि आत्याचा हुकूम आला, पायाचं सूप प्यायला लाग. हाडांतलं कॅल्शियम त्यात फारसं उतरत नाही. उतरतं ते कोलॅजन, जिलेटीन होऊन. पण आत्याशी वाद कोण घालणार? भद्रकालीतून बोकडाचे पाय भाजून, तोडून आणले. हळद, मीठ, आलं-लसूण, थोडे मिरे. निफाडची थंडी नाशकात शिरली होती. कुकरमध्ये लवकर झालं असतं. मी मुद्दाम पातेलंच चढवलं. सध्या घाई नकोशीच वाटते, हाताला आणि मलाही. मधूनच झाकण काढून पाहत बसलो. चरबीचे सोनेरी ठिपके एकमेकांना भिडायचे, मोठे व्हायचे, पुन्हा फुटायचे. तेव्हा आई का आठवावी? ती तर माळकरी, मटणाचं भांडंसुद्धा वेगळं ठेवणारी. तिचं आणि आत्याचं एका स्वयंपाकघरात जमायचं कसं, आत्यालाच विचारीन कधीतरी.