पस्तीस पौंड दगड

माझ्या टेबलावर कामठीच्या वालुकाश्माचा एक तुकडा असतो. त्यावर जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा आहे. मधली शीर ठसठशीत, दोन्ही बाजूंना बारीक शिरांची जाळी. घरी येणारा प्रत्येक जण त्याला आंब्याचं पान म्हणतो. मग मी बोलायला लागतो आणि पाहुण्यांचा चहा गार होतो.

हे ग्लॉसोप्टेरिस. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचं झाड. आपल्या चंद्रपूर-वणीचा कोळसा बराचसा त्याच्याच जंगलांचा. नागपुरात मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप १८५०च्या दशकात कामठी-सिलेवाड्याच्या खाणींतून असले ठसे गोळा करत आणि विलायतेला अभ्यासासाठी धाडत.

आता अंटार्क्टिकावर जाऊ. १७ जानेवारी १९१२ला रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे चार सोबती दक्षिण ध्रुवावर पोचले, तर शर्यतीतला प्रतिस्पर्धी अमुंडसेन याचा तंबू तिथे महिनाभर आधीपासून उभा. हरलेले, उपाशी, स्वतःच गाडी ओढत ते परतीला लागले. ८ फेब्रुवारीला बिअर्डमोर हिमनदीच्या वरच्या अंगाला, माउंट बकलीच्या आडोशाला ते थांबले. सोबत्यांपैकी एडगर एव्हान्सची तब्येत ढासळत होती. नऊ दिवसांनी तो गेलाच. तरी त्या दिवशी दुसरा सोबती डॉ. विल्सन कड्याखाली दगड फोडत बसला. कोळशाचे थर होते आणि त्यांत पानं. त्या भागात निवडलेले पस्तीस पौंड, म्हणजे सोळा किलो दगड त्यांनी गाडीवर लादले. १२ नोव्हेंबरला शोधपथकाला तंबू सापडला. आत उरलेल्या तिघांचे देह होते आणि दगडही होते. अन्नाचा मोठा साठा जेमतेम वीसेक किलोमीटरवर होता.

दगड टाकून दिले असते तर वाचले असते, असं अनेकांनी म्हटलं आहे. मला ते पटत नाही. वाटेतल्या साठ्यांतलं रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी भरलं, मार्चमधली थंडी उणे चाळीसच्या खाली गेली. तिथे सोळा किलोंचा हिशोब कुठे लागतो?

१९१४मध्ये केंब्रिजच्या सिवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या पानांचं निदान केलं : ग्लॉसोप्टेरिस इंडिका. नावातच हिंदुस्थान! भारतातल्या भूवैज्ञानिकांनी इथल्या खडकांना गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवना’ म्हटलं होतं. त्यावरून भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूसने १८८५मध्ये एका प्राचीन महाभूमीला तेच नाव दिलं. त्या महाभूमीत हा गोठलेला खंडही होता, याची साक्ष विल्सनच्या गाठोड्यात होती. बिअर्डमोरचा तो भाग त्या काळीही ध्रुवाजवळच होता, म्हणजे वर्षातले कित्येक महिने अंधार. तरी तिथे जंगल होतं. खडकात पानांचे थरच्या थर दाबलेले सापडतात. अंधार पडायच्या आधी झाडं बहुधा सगळी पानं गाळून मोकळी होत असावीत.

एका उन्हाळी मोहिमेत अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ या भारतीय तळावर गेलो, तेव्हा मनात हे पानच होतं. तिथे ते मिळणार नाही, हे मला माहीत होतं. पण हातोडा थोडाच ऐकतो! तिथल्या शिरमाखर टेकड्यांचा खडक नाइस जातीचा, पोटात लालसर गार्नेटचे दाणे. पृथ्वीच्या पोटात इतका भाजून निघालेला, की त्यात पान शोधणं म्हणजे पक्क्या विटेत गवताची हिरवी काडी शोधणं. आणि एवढा उघडा खडक दिसतो हेही भाग्यच. १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरच्या या खंडावर बर्फाबाहेर असलेली जमीन शेकड्याला एकही भरत नाही. बाकीच्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचं बर्फ. खालच्या डोंगर-दऱ्या विमानातून रडार लावून अदमासाव्या लागतात.

ज्या ध्रुवासाठी एवढी शर्यत झाली, तिथे तर पायाखाली सुमारे २,७०० मीटर बर्फ आहे आणि ते वर्षाला दहाएक मीटर सरकतं. म्हणून ध्रुवाची खूण दर १ जानेवारीला नव्याने रोवावी लागते. अमुंडसेनचा तंबू केव्हाच बर्फात गडप झाला. विल्सनची पानं मात्र लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, अजून अभ्यासली जातात.

असं पान पाहायला लंडनला जायची गरज नाही. वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीबाहेर काढून टाकलेल्या दगड-मातीत राखाडी, पापुद्र्यांचा दगड दिसला आणि त्यावर जिभेसारखं पान असलं, तर तो गाडीच्या चाकाखाली जाऊ देऊ नका. जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या मास्तरांना नेऊन दाखवा.